हशा झाला की दोरा ओढायचा

आमच्या ह्यांनी एकच नाटक एकोणतीस उन्हाळे केलं, पण त्या नाटकातल्या लोकांचे बूट, हनुवट्या आणि नाकपुड्या एवढंच त्यांना नीट ओळखता यायचं. खोटं नाही सांगत. नाटकातला कप्तान एकदा रस्त्यात समोर आला तर ह्यांनी त्याला ओळखलंच नाही. हे पडलेली छत्री उचलायला वाकले, खालून त्याची हनुवटी दिसली आणि मग म्हणाले, "अरे, तुम्ही होय!"

हे प्रॉम्प्टर होते. नट ओळ विसरला की ती हळूच सांगायची, हे त्यांचं काम. मोठ्या बागेच्या टोकाला उघड्यावरचं नाट्यगृह होतं, उन्हाळ्यातच चालणारं. वर आभाळ, खाली लोखंडी खुर्च्या, आणि समोर लाकडी रंगमंच. त्या रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध एक भोक होतं. त्यावर अर्धगोल झाकण, प्रेक्षकांना आतलं दिसू नये म्हणून. हे खालून शिडीने आत शिरायचे, स्टुलावर बसायचे, आणि ह्यांचं डोकं तेवढं रंगमंचाच्या वर यायचं. समोर वही, वहीवर छोटा दिवा, तोंड नटांकडे, पाठ प्रेक्षकांकडे. सगळी मंडळी त्या जागेला बीळ म्हणायची आणि ह्यांना बीळमास्तर. दिवसा हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे. म्हणजे दिवसभर लोकांच्या लिहिण्यातल्या चुका काढायच्या आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी बोलण्यातल्या. घरी आल्यावर माझ्या. पण तिथे त्यांचं फारसं चाललं नाही.

आमचं लग्नच मुळात त्या बिळातून निघालं. मी तेव्हा टेलिफोनच्या कचेरीत होते. दिवसभर कानाला यंत्र लावून बसायचं, ह्याला त्याच्याशी जोडून द्यायचं, त्याला ह्याच्याशी. कान असे तयार झाले होते की शेजारच्या घरातलं कुजबुजणंही मला ऐकू यायचं, आणि मी ते ऐकायचेही. एका शनिवारी मोठ्या बहिणीबरोबर नाटकाला गेले. उशीर झालेला, पहिली रांग तेवढी शिल्लक. मान दुखते म्हणून ती स्वस्त असायची. आणि नाटक सुरू झालं तर काय, प्रत्येक वाक्य आधी जमिनीतून ऐकू यायचं आणि मग नटाच्या तोंडून! माझा पारा चढला. मध्यंतरात मी सरळ पुढे गेले, त्या झाकणावर वाकले आणि म्हटलं, "अहो बिळातले, जरा हळू बोला की! मी पैसे एकदाच भरलेत, नाटक दोनदा कशाला ऐकवताय?"

आतून एक लालबुंद चेहरा वर आला. "बाई, एकोणीस वाक्यं विसरलेत आज लोक. तुम्ही येऊन बसता का इथे?"

पुढच्या शनिवारी मी परत गेले. आवाज कमी केलाय का ते बघायला, दुसरं काही नाही. केला होता. वर्षभरात आमचं लग्न झालं. बहीण अजून सांगत असते, भांडायला म्हणून गेली आणि नवरा घेऊन आली.

नाटक तेच असायचं. दुसरीही दोन-तीन यायची जायची, पण उन्हाळा त्या जुन्या विनोदी नाटकाशिवाय सुरू व्हायचा नाही आणि संपायचाही नाही. माझ्या आईने ते लहानपणी पाहिलेलं. गोष्ट म्हणाल तर अगदी साधी. निवृत्त जहाजाचा कप्तान घरातही जहाजासारखे हुकूम सोडत असतो. त्याच्या मुलीवर एकाचं प्रेम असतं, तो घड्याळ दुरुस्त करणारा बनून घरात शिरतो, आणि कप्तान आला की दिवाणखान्यातल्या उंच घड्याळात लपतो. तिसऱ्या अंकात कप्तान घड्याळापुढे उभा राहतो आणि गरजतो, "किती वाजले?" आणि घड्याळ आतून घाबरत घाबरत म्हणतं, "अजून वाजायचे आहेत, साहेब."

सांगताना काहीच वाटत नाही ना? तिथे बसून बघा. साडेपाचला सुरू झालेलं नाटक त्या जागी यायचं तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलेलं असायचं, खुर्च्या निवलेल्या असायच्या, आणि चारशे माणसं एकदम हसायची. सगळ्यांना पाठ असूनही हसायची. पुढे काय येणार ते ठाऊक असलं की हसू आधीच गळ्याशी येऊन बसतं. मला अजून त्या बागेच्या कुंपणावरून गेलं की तो हशा आठवतो आणि जीव कासावीस होतो. आता तिथे नाटक होत नाही.

ह्यांच्या वहीत संवादांच्या बाजूला शिसपेन्सिलीने रेघा असायच्या. मला आधी वाटलं, विसरलेल्या ओळींच्या खुणा असतील. तसं नव्हतं. ते हशे होते. इथे दोन मोजेपर्यंत हशा, इथे चार. घड्याळाच्या वाक्यापुढे अकरा रेघा. ह्यांच्या कामातली सगळी मेख तिथेच होती. नट बोलता बोलता थांबतो ते दोन कारणांनी. एक, तो विसरलेला असतो. दोन, लोक हसतायत आणि हशा ओसरायची तो वाट बघतोय. बिळातून दोन्ही सारखंच दिसतं. तोंड उघडं, डोळे समोर. पहिल्यात ओळ लगेच द्यायला हवी, दुसऱ्यात अजिबात देता कामा नये. आणि प्रेक्षकांकडे तर पाठ. मग कळणार कसं? कानांनी. पाठीमागे हशा असला तर गप्प, शांतता असली तर ओळ. म्हणून हे म्हणायचे, "माझं काम वाचायचं नाही गं, ऐकायचं आहे."

अठ्ठाविसाव्या उन्हाळ्याच्या आधीची गोष्ट. घरात हे एकदम गोड वागायला लागले. मी स्वयंपाकघरातून काहीही म्हटलं की बाहेरून "हो." खिडकीचा खिळा ठोकाल का? हो. माझ्या बहिणीला महिनाभर बोलावू का? हो. मी म्हटलं, चला, उशिरा का होईना माणूस सुधारला. खिळा काही ठोकला गेला नाही, ती गोष्ट वेगळी. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा सगळ्याला हो म्हणायला लागला तर बाईने सावध व्हावं. मी झाले नाही. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून विटलेले माझे कान, घरातलं त्यांनी कधी नीट ऐकलं नाही.

त्या उन्हाळ्याच्या पहिल्याच प्रयोगाला मी नेहमीसारखी पाचव्या रांगेत होते. तिसरा अंक आला. "किती वाजले?" "अजून वाजायचे आहेत, साहेब." उसळला हशा. कप्तान मिशीवर हात ठेवून थांबलेला. आणि त्या भर हशात बिळातून खणखणीत आवाज आला, "आमच्या घरात वेळ मी ठरवतो!" कप्तानाचं पुढचं वाक्य. कुजबुजून नव्हे, चक्क ओरडून. लोकांना वाटलं नाटकातलंच काही नवीन आहे, हसून हसून खुर्च्यांवरून पडायची वेळ आली. पण मी खुर्चीवरून अर्धवट उठले. ह्यांचा आवाज मी ओळखत नाही होय? हे असं ओरडणारे नव्हेत.

प्रयोग संपल्यावर कप्तान तोंडावरचा रंग न पुसताच ह्यांच्यावर धावून आला. "मास्तर, एकोणीस वर्षं तो हशा मी सांभाळतोय. तुम्ही त्यात दगड टाकलात!" व्यवस्थापक भला माणूस होता, त्याने हसण्यावारी नेलं. पण जाता जाता म्हणाला, "परत असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, मास्तर. वाईट वाटून घेऊ नका."

घरी आलो. मी स्वयंपाकघरात गेले आणि मुद्दाम हळू आवाजात म्हटलं, "घराला आग लागलीय."

बाहेरून आवाज आला, "हो."

मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. मग बाहेर गेले, समोर बसले आणि ह्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, "कधीपासून?"

"हिवाळ्यापासून," हे म्हणाले. डॉक्टरकडे गुपचूप जाऊन आले होते. कानाची शीर सुकत चालली होती, यंत्राचाही फार उपयोग नाही म्हणाला होता तो.

मी खूप बोलले. माझी जीभ सुटली की सुटली. मला सांगितलं नाहीत, मी कोण आहे तुमची, हो हो काय करता, एवढी वर्षं काय झक मारली मी ह्या घरात? निम्मं त्यांना ऐकूच गेलं नाही, म्हणून मी परत सगळं मोठ्याने बोलले. शेवटी थकले. मग विचारलं, "सोडून का देत नाही? छापखान्यात कानाचं काय काम? तो पगार पुरतो की आपल्याला."

हे वहीवर बोट फिरवत बसले. म्हणाले, "पगाराचं नाही गं. तिथे बसलो की मागून हशा येतो ना, तो माझ्या पाठीवर येतो. आता फक्त फळ्यांतून थोडा जाणवतो. पण येतो. घरी बसलो तर तोही जाईल." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा एक उन्हाळा निघू दे. बारा प्रयोग राहिलेत."

काय सांगू, माझ्या सगळ्या रागाचं पाणी झालं.

दोऱ्याची कल्पना माझी. त्याचं श्रेय मी कुणाला देणार नाही. चप्पल शिवणाऱ्याकडून मेण लावलेला काळा दोरा आणला, चांगला वीस हात. त्या झाकणाला मागून, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूने, खाली एक फट होती. दोऱ्याचं एक टोक फटीतून आत, ह्यांच्या डाव्या मनगटाला. दुसरं टोक पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर, माझ्या बोटाला. हशा झाला की दोरा ओढायचा आणि ओढून धरायचा. हशा ओसरला की ढिला सोडायचा. दोरा ताणलेला तर हे गप्प. दोरा ढिला आणि नट थांबलेला, तर ओळ द्यायची. घरी रंगीत तालीम केली. हे जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन, मी स्वयंपाकघरात रेडिओशी. रेडिओवर कुणी हसलं की ओढ. एकदा दूध उतू जायला लागलं म्हणून मी उठले तर हे खुर्चीसकट ओढले गेले.

बारा प्रयोगांसाठी कचेरीत पाळ्या बदलून घेतल्या. मैत्रिणींनी विचारलं, म्हटलं, नवऱ्याला माझ्याशिवाय करमत नाही. त्या हसल्या. हसू दे.

आणि चाललं हो! अकरा प्रयोग बिनबोभाट चाललं. मी नाटकाकडे कान देऊन बसायचे, तसे कान मी कचेरीतही कधी दिले नव्हते. कुठे नुसती खसखस, कुठे खरा हशा, कुठला लवकर विरतो, कुठला परत फुटतो. ह्यांच्या रेघा माझ्या बोटात उतरल्या. एकदा शेजारच्या बाईंनी वाकून विचारलं, "तुम्ही गळ टाकून बसलाय का?" मी म्हटलं, "हो." "काय लागलंय?" म्हटलं, "नवरा." बाई पुढच्या अंकाला दोन खुर्च्या सोडून बसल्या.

खरं सांगायचं तर ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस. आम्ही चारचौघांत कधी हातात हात घालून चाललो नाही, तो आमचा स्वभावच नव्हता. आणि ह्या वयात चारशे माणसांच्या देखत तीन तास ह्यांचं मनगट माझ्या बोटाला बांधलेलं. कधी कधी हशा नसतानाही आतून हलकेच एक ओढ यायची. मी आहे, एवढंच सांगायला. मीही एक द्यायचे.

बारावा प्रयोग, उन्हाळ्याचा शेवटचा. खच्चून गर्दी. घड्याळाचं वाक्य झालं, अकरा रेघांचा हशा पंधरावर गेला, मी दोरा धरून ठेवला, सगळं व्यवस्थित. मग शेवट. कप्तानाला घड्याळातल्या पोराचा पत्ता लागलाय. मुलगी रडतेय. कप्तान चिडून येरझारा घालतो, थांबतो, आणि सगळ्यांना वाटतं आता हा त्याला बडवणार, तेव्हा तो घड्याळाच्या दारावर टकटक करून म्हणतो, "घड्याळजी, आता बाहेर या. जेवण निवतंय." की झालं, लग्न ठरलं, पडदा.

कप्तान येरझारा घालून थांबला. मिशीवर हात ठेवला. आणि बोलेना. मिशीवर हात गेला की लोक हसतात, तसे हसले. मी दोरा ओढला. कप्तानाने डोळे वटारले, लोक आणखी हसले. मी दोरा आणखी ताणला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याचा हात मिशीवरून हलतच नाहीये. कप्तान विसरला होता. त्याचंही वय झालं होतं, बघा. तो खाली बिळाकडे बघत होता, ओळ मागत होता, आणि हे बिचारे मनगटाला दोरा ताणलेला म्हणून मुकाट बसले होते. माझ्यामुळे. लोक हसतायत, तो बुडतोय, आणि ह्यांचं तोंड मी बांधून ठेवलंय.

मी दोरा सोडला. पण ह्यांना काय कळणार, त्यांना वाटलं आत्ताच हशा संपलाय, आता कप्तान बोलेल. एक क्षण गेला, दुसरा गेला. हसणारे लोक गप्प व्हायला लागले. ती शांतता फार वाईट. कप्तानाचे डोळे बिळावरून उठले आणि सरळ माझ्यावर आले.

मी उठून उभी राहिले नाही. बसल्या जागेवरून, घरी रोज हाक मारते त्या आवाजात म्हटलं, "आता बाहेर या. जेवण निवतंय."

सगळी बाग हसली. कप्तानाने माझ्याकडे बघून सलाम ठोकला, घड्याळाच्या दारावर टकटक केली आणि ते वाक्य असं म्हटलं की तसं एकोणीस वर्षांत म्हटलं नव्हतं. टाळ्या थांबेनात.

मी बिळाशी गेले तेव्हा हे दिवा मालवून बसले होते. दोरा मनगटावरून सोडवून, गुंडाळून वहीवर ठेवला होता. "ओळ तू दिलीस," म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याचे डोळे माझ्या डोक्यावरून गेले." शिडीवरून उतरले, खाली वही व्यवस्थापकाच्या हातात दिली आणि म्हणाले, "पेन्सिलीच्या रेघा पुसू नका म्हणावं नव्या माणसाला." मला कुठे रडावंसं वाटलं तर तिथे. पण सगळी मंडळी होती, रडते कशी?

पुढचा उन्हाळा, एकोणतिसावा, त्यांनी बाहेर बसून केला. म्हणून मी एकोणतीस म्हणते. यायलाच तयार नव्हते. "मी ऐकणार काय तिथे, कपाळ?" मी म्हटलं, "मला एकटीला जायला लाज वाटते." हे सपशेल खोटं होतं, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं, तरी निघाले. पाचव्या रांगेत बसवलं. नवीन सदरा घालून, हात मांडीवर ठेवून, परक्याच्या घरी आल्यासारखे बसले. कप्तान आला तर म्हणाले, "एवढा उंच आहे हा?" जरा मोठ्यानेच. मागच्यांनी शू शू केलं. मी मागे वळून एकीला असं पाहिलं की पुन्हा कुणी शू केलं नाही.

दोन अंक ते ओठ हलवत बसले. सगळ्यांची वाक्यं, नटांच्या आधी. तिसऱ्या अंकात कप्तान घड्याळापुढे उभा राहिला. "किती वाजले?" आणि घड्याळाचं तोंड उघडायच्या आत हे खुर्चीत पुरते मागे वळले.

हशा फुटला. मी हसत होते, डोळे पुसत होते, पुन्हा हसत होते. हे मात्र मागे बघत होते. रांगेमागून रांग. कुणी मांडीवर थापा मारतंय, कुणी रुमाल तोंडात कोंबलाय, एक म्हातारा गृहस्थ चष्मा काढून डोळे टिपतायत, एक बाई नवऱ्याच्या खांद्यावर कोसळल्यात. ह्यांचे डोळे सगळीकडून फिरत फिरत माझ्यावर आले आणि थांबले.

"तू अशी हसतेस होय?" हे म्हणाले.

घरी असं हसायला वेळ कुणाला होता? आणि इथे मी दर शनिवारी त्यांच्या पाठीमागे होते. उत्तर दिलं असतं तरी ह्यांना ऐकू गेलं नसतं. मी नुसती मान हलवली. मग पडदा पडेपर्यंत त्यांनी रंगमंचाकडे एकदाही पाहिलं नाही.